घरातील थोरांचे वजन घटते तेव्हा

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की पलसाणा आणि चलथाणच्या पट्ट्यात दिवसा घरात माणूस सापडत नाही. कर्ती माणसे शेतावर, मुले शाळेत, आणि आजी किंवा आजोबा झाकून ठेवलेल्या ताटापाशी एकटे. आजारी मंडळींना कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघर जातो, तेव्हा हे झाकलेले ताट अनेकदा तसेच पडलेले दिसते. विचारले तर उत्तर ठरलेले असते : "आता वय झालं, फादर. शरीर वाळायचंच."

हा समज चुकीचा आहे. वयाबरोबर भूक थोडी कमी होते हे खरे, पण शरीर झपाट्याने वाळणे हे म्हातारपणाचे लक्षण नव्हे. रोडावलेल्या वृद्धाला पडल्यावर हाड मोडण्याचा धोका जास्त असतो. त्याची जखम उशिरा भरते आणि साधा ताप-खोकलाही त्याला अंथरुणाला खिळवतो.

ओळखावे कसे?

पाच फूट उंचीच्या माणसाचे वजन सुमारे 43 किलोपेक्षा कमी आणि पाच फूट चार इंचाच्या माणसाचे 49 किलोपेक्षा कमी असेल, तर ते कमीच म्हणायचे. सहा महिन्यांत शंभरात पाच भाग वजन आपोआप घटणे, म्हणजे 50 किलोच्या माणसाचे अडीच किलो उतरणे, हा धोक्याचा इशारा आहे. काटा नसला तर बांगड्या कोपराकडे सरकतात का, कवळी सैल झाली का, धोतराला जास्त निऱ्या पडतात का, हे पाहावे.

आधी कारण शोधा

कारण न शोधता नुसते तूप वाढणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे. दुखरे दात, तोंड येणे, बद्धकोष्ठ, मधुमेह, थायरॉईड, पोटाचा विकार, कर्करोग, मनाची उदासी यांपैकी काहीही कारण असू शकते. मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही भूक मंदावते. अशा गोळ्या स्वतः बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप आणि रात्रीचा घाम असेल तर क्षयाची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी सरकार रुग्णाच्या खात्यात पैसे भरते. 2018 साली ही रक्कम महिना 500 रुपये होती, नोव्हेंबर 2024 पासून ती 1000 रुपये झाली. झारखंडमधील क्षयरुग्णांचा एक अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. अन्न हे औषधाचे जोडीदार आहे, ते असे.

काय वाढावे?

आपला मुलूख उसाचा, म्हणून गूळ आणि साखर हाताशी असते. पण गोडाने चरबी वाढते, स्नायू भरत नाहीत. स्नायूंसाठी प्रथिने लागतात. उतारवयात दर किलो वजनामागे रोज साधारण एक ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिने हवीत. 45 किलोच्या आजीला 45 ते 50 ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

नेहमीच्या जेवणाशिवाय दिवसभरात एवढे वाढवा :

1. पेलाभर म्हशीचे दूध : सुमारे 200 कॅलरी.
2. मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट : सुमारे 170. बुरशी आलेला किंवा कडवट दाणा टाकून द्यावा, त्यात यकृताला घातक विष असू शकते.
3. एक केळे : सुमारे 100.
4. वरणात किंवा खिचडीत चमचाभर तूप वा तेल : 45.

ही बेरीज 500 च्या आसपास होते. याने महिन्याला एक-दोन किलो वजन वाढले तरी पुष्कळ. शिवाय रोज एक अंडे, घट्ट वरण, नागलीची दुधातली पेज आणि मासे किंवा खिमा असावा. दात नसतील तर भाकरी दुधात कुस्करावी. मधुमेह असेल तर केळे-गुळाचा बेत डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा.

तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान वाट्या द्या. जेवणाआधी चहा आणि तंबाखू नको, दोन्हींनी भूक मरते. भरवताना ताठ बसवावे. घास घेताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. जो बरेच दिवस जवळजवळ उपाशी आहे, त्याला एकदम पोटभर वाढू नये. त्याचा आहार वैद्यकीय देखरेखीखालीच हळूहळू वाढवावा.

अन्नाबरोबर हालचालही हवी. खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, दिवसातून तीनदा, शेजारी आधाराला माणूस ठेवून. त्याने खाल्लेले स्नायूंना लागते. वजन अचानक वाढले आणि घोट्यावर बोट दाबल्यावर खड्डा पडला तर ती सूज समजावी, आणि लगेच दवाखाना गाठावा.

उपवासाबद्दल

अनेक आजी-आजोबा उपवासकाळात निर्जळी राहतात. 1983 च्या धर्मनियमांप्रमाणे 59 वर्षे पूर्ण झाल्यावर उपवासाचे बंधन राहत नाही. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांनी तासाभरात काही खाल्ले असले तरी ते कम्युनियन घेऊ शकतात. देवाला अर्पण करायचेच असेल तर प्रार्थना आहे, क्षमा आहे. दुधाचा पेला सोडू नये.

घरच्यांसाठी

सुरत जिल्ह्यात सुमूल डेअरी 1951 पासून आहे आणि दूध घालणे हा घरोघरचा आधार आहे. पण सगळे दूध मंडळीत जाऊन घरच्या आजीला कोरा चहा मिळत असेल, तर हिशेब कुठेतरी चुकतो आहे. एक लिटरातला पेलाभर आधी घरात ठेवा. परसात शेवगा आणि केळी लावा, चार कोंबड्या पाळा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रात्रीचे एक जेवण तरी त्यांच्याबरोबर बसून करा. एकट्याच्या घशाखाली घास उतरत नाही, सोबतीने दोन घास जास्त जातात.

या रविवारी घरातील थोरांचे वजन करा आणि तारखेसह कॅलेंडरवर लिहा. पुढे दर पंधरवड्याला त्याच काट्यावर करा. दोन महिन्यांत आकडा हलला नाही, किंवा आणखी उतरला, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.