पायाळू

माझी लेक पायाळू. जन्मली सिझेरियननं, पण पोटात शेवटपर्यंत डोकं वर, बूड खाली अशीच बसून होती. त्यामुळे आळीच्या हिशेबात पायाळूच. ती पाच महिन्यांची होईतो चार-पाच जण उसण भरली म्हणून दारात आले. त्यांनी पालथं पडायचं आणि आम्ही तिचा पाय त्यांच्या कमरेला लावायचा. कुणाला बरं वाटलं, कुणाला नाही. कौतुक मात्र सगळ्यांना. त्याच पायाचा खुबा कुणाला तपासावासा वाटला नाही. मलाही नाही.

आंघोळ घालणाऱ्या मावशी तेल चोळताना म्हणायच्या, "पाय फेंगडे आहेत गं पोरीचे, बांधायला हवेत." मग शेक झाला की दोन्ही पाय ताणून, सरळ करून दुपट्यात करकचून बांधायच्या. मला ते नीटनेटकं वाटायचं. लंगोट बदलताना डावी मांडी उजवीइतकी बाहेर पडत नसे, हे मला दिसत होतं. सासूबाईंना म्हटलं, तर म्हणाल्या, "उजवीच निघणार ती!" आम्ही दोघी हसलो.

चौदाव्या महिन्यात ती चालायला लागली आणि प्रत्येक पावलाला डाव्या अंगाला झुकू लागली. एक्स-रे काढला. खुब्याचा सांधा उखळीसारखा असतो. तिच्या मांडीच्या हाडाचा गोळा त्या उखळीत नव्हताच, वर सरकून बसला होता. डॉक्टरांनी बोटांवर कारणं मोजली: मुलगी, पहिलटकरणीची, पायाळू, वर पाय सरळ बांधलेले. सहा महिन्यांच्या आत कळलं तर बहुतेक वेळा मांड्या फाकवून धरणाऱ्या पट्ट्यांवर भागतं. आमच्या वाट्याला भूल आली आणि छातीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर, तीन महिने, तेही भर उन्हाळ्यात. प्लॅस्टरच्या कडेत डायपर खोचायचा, तरी ती ओलीच व्हायची. मग टेबलफॅनसमोर तिला आडवी धरून ती कड वाळवत बसायचं. तो आंबूस वास अजून नाकात आहे.

गंमत म्हणजे ज्या फेंगडेपणापायी हे सगळं बांधणं झालं, त्याला औषधच लागत नाही. पोटातल्या अडचणीत दुमडून बसलेल्या बाळाचे पाय दीड-दोन वर्षांपर्यंत धनुष्यासारखे असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उलटंच होतं, गुडघे एकमेकांना घासतात. सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेकांचं आपोआप जुळून येतं. सपाट तळव्यांचंही तेच: मूल चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसली आणि दुखत नसेल, तर महागडे बूट दुकानातच राहू द्या.

मात्र दोन्ही पाय सारखे नसतील तर वाट पाहू नका. एक मांडी कमी उघडते, पाय दुमडून निजवल्यावर एक गुडघा खाली दिसतो, चालताना लंगडतं, की त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जा. दोन वर्षांनंतरही धनुष्य वाढतंच आहे आणि मनगटं जाड दिसताहेत, तर मुडदूस असू शकतो. ड जीवनसत्त्व तपासायला सांगा. जन्मतःच पाऊल आत वळलेलं असेल तर मालिशीत महिने घालवू नका. दर आठवड्याला बदलायच्या प्लॅस्टरनं ते सरळ करता येतं. पुढे रात्रीचे पट्ट्याचे बूट मात्र चार वर्षांपर्यंत चुकवायचे नाहीत.

बाळाला गुंडाळायचंच असेल तर छातीपाशी गुंडाळा, कमरेखाली पाय हलू द्या. कडेवर खुशाल घ्या. मांड्या फाकलेल्या राहतात, खुब्याला ते बरंच.

लेक आता नऊ वर्षांची आहे, पळते, वर्षातून एकदा एक्स-रे होतो. तुमच्या घरी पायाळू बाळ आलं, तर डॉक्टरांनी हातानं तपासून ठीक सांगितलं तरी सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्यांची सोनोग्राफी करून घ्या. उसण भरलेल्यांना तोवर दारातूनच परत पाठवा.