औषधाला न जुमानणारे जंतू व नवी जोडरसायने

मंठा तालुक्यात दुभत्या गाईची कास सुजून कडक झाली की तिला ‘दगडी’ झाली असे म्हणतात. दोन सुयांनी सूज उतरते, दूध सुधारल्यासारखे दिसते, आणि उरलेल्या सुयांचा खर्च वाचविला जातो. घात येथेच होतो. दुबळे जंतू मरतात, चिवट ते मागे राहतात व त्यांचीच प्रजा वाढते. पुढच्या वेतात तीच सुई निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो.

एरिथ्रोमायसिन व त्याच्याच कुळातील, जनावरांना दिले जाणारे टायलोसिन ही औषधे जंतूच्या प्रथिने बनविणाऱ्या यंत्रणेस एका ठराविक जागी चिकटून ती बंद पाडतात. काही जंतू त्या जागेवर एक लहानसा रासायनिक गट बसवितात. कुलपाचे भोक बुजावे तसे होते व दोन्ही औषधे एकदमच वाया जातात. यावर रसायनशास्त्रज्ञांनी जुन्या रेणूला नवी भुजा जोडली. मूळ जागा बुजली तरी ही भुजा त्याच यंत्रणेतील दुसरी जागा धरून ठेवते. अशा प्रकारचे नॅफिथ्रोमायसिन हे औषध वोक्हार्ट कंपनीने विकसित केले असून तिचे संशोधन केंद्र आपल्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगर येथे आहे. त्यास सुमारे १४ वर्षे लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते जाहीर झाले. ते माणसांच्या न्यूमोनियासाठी आहे, गोठ्यासाठी नव्हे.

दोन निरनिराळ्या औषधांचा एकच रेणू करण्याचेही प्रयत्न झाले आहेत. यास कलमाची उपमा द्यावीशी वाटते, परंतु कलमात खुंट व डोळा आपापले गुण राखतात. रेणूत तशी खात्री नाही. कॅडाझोलिड हा असाच जोडरेणू होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अखेरच्या दोन चाचण्यांपैकी एकीत तो जुन्या औषधाच्या तोडीचा ठरला नाही व पुढील काम सोडून देण्यात आले.

म्हणून हाती असलेली औषधे राखणे भाग आहे. माणसांसाठी अखेरचा आधार असलेले कोलिस्टिन हे औषध कोंबड्या व दुभत्या जनावरांसाठी विकण्यास केंद्र शासनाने २०१९ मध्ये मनाई केली, ती याच कारणास्तव.

दगडीची शंका येताच, सुई देण्यापूर्वी, सड स्वच्छ पुसून पहिल्या धारा टाकून द्याव्यात व पुढील दूध निर्जंतुक बाटलीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणीस न्यावे. कोणते औषध त्या जंतूस लागू पडते ते तपासणीत कळते. पशुवैद्यकाने ठरविलेल्या सर्व सुया द्याव्यात. औषध चालू असताना व नंतर त्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्या गाईचे दूध डेअरीस घालू नये, आणि वाया जाते म्हणून वासरासही पाजू नये. त्यातील औषधाच्या अंशावर वासराच्या पोटातील जंतू चिवट बनतात.