धर्माचं सार स्पेक्ट्रोवर दिसतं का?

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत खंडेनवमीला भट्टीपासून लेथपर्यंत सगळ्याची पूजा होते. मोहरमला गल्लीत पंजे बसतात, तिथंही आम्ही हात जोडतो. सगळ्या धर्मांचं सार एकच, असं लहानपणापासून ऐकलंय. कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणते, अभ्यासक आता हे मानत नाहीत. का हो?
– एक वाचक, शिरोली एमआयडीसी

उत्तर : तुमच्याकडे लोखंडाचा नमुना स्पेक्ट्रोवर, म्हणजे स्पेक्ट्रोमीटरवर, ठेवला की कार्बन कळतो. साधारण दोन टक्क्यांच्या वर असला तर बीड, खाली असला तर पोलाद, भांडण मिटलं. धर्मालाही अशी एखादी पक्की खूण असणारच, असं मानणारे ते सारतत्त्ववादी. रुडॉल्फ ओटो या जर्मन अभ्यासकानं १९१७ साली ती सांगितली : पवित्रापुढं माणसाला वाटणारं भय आणि त्याचीच ओढ. आता लेथला हळदकुंकू लावताना अंगावर काटा कुणाच्या येतो? पण पूजा चुकवायची छातीही कुणाची होत नाही. म्हणजे इथं धर्म मनातल्या भावनेपेक्षा करण्यात आहे. मानववंशशास्त्रज्ञ तलाल असद यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की धर्म म्हणजे मुळात मनातली श्रद्धा, ही समजूतच युरोपच्या ख्रिस्ती इतिहासात घडलेली आहे. तोच गज सगळीकडे कसा लावायचा?

आपल्याकडे हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. गुजरातेतले स्वामिनारायण पंथाचे सत्संगी म्हणाले, आम्ही हिंदू नव्हेच. त्यामुळं दलितांना मंदिरप्रवेश देणारा तेव्हाच्या मुंबई राज्याचा कायदा आमच्या मंदिरांना लागू नाही. १४ जानेवारी १९६६ रोजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी निकाल दिला. हिंदू धर्माला एक प्रेषित नाही, एक देव नाही, एक तत्त्वज्ञान नाही, हे त्यांनी आधीच मान्य केलं. तरी व्याख्या लागलीच, आणि ती त्यांनी लोकमान्य टिळकांची घेतली : वेदांचं प्रामाण्य, साधनांची अनेकता, उपास्याला नियम नाही. गंमत बघा, तीनपैकी दोन खुणा ‘ठरलेली खूण नाही’ एवढंच सांगतात. उरले वेद, ते तुमच्या भट्टीवाल्यानं कधी उघडले असतील?

म्हणून आजचे अभ्यासक सार शोधण्याआधी विचारतात, ते कुणाला हवंय आणि कशासाठी? सत्संगींना ते दार बंद ठेवायला हवं होतं, न्यायालयाला उघडायला. सत्संगी खटला हरले.