पाठ : अनोळखी श्रोत्यांसमोर गाणे



आपल्याच लोकांत मेंदीच्या रात्री गायचे म्हणजे सोपे काम. पेटी सुरू झाली की मावश्या टाळ्या धरतात, शब्द विसरला तर मागून कोणीतरी सांगते. पण समोर मोरोक्कोचे, इराकचे, रशियाचे लोक बसले असतील तर काय गावे आणि काय नेसावे, हे आज शिकू.

काही वर्षांपूर्वी आमचा गट एका वृद्धाश्रमात गायला गेला होता. आम्ही सहा मराठी गाणी ओळीने म्हटली. सूर बरे लागले, तरी तिसऱ्या गाण्यापासून लोक घड्याळाकडे पाहू लागले. शेवटी एका आजीबाईंनी हिब्रूत विचारले, "छान होते हो, पण तुम्ही कशाविषयी गात होता?" त्यांतली दोन गाणी मोशेवर होती. मोशे त्यांना लहानपणापासून माहीत. आम्ही ते सांगितलेच नव्हते. चूक आमचीच.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम धरला : ऐकणाऱ्याला अर्धे ओळखीचे असावे, अर्धे नवे.

आधी विचारा

बोलावणाऱ्यांना चार गोष्टी विचारा. किती लोक येणार? कोणत्या वयाचे? कुठून आलेले? धार्मिक आहेत का? काही धार्मिक मंडळींत पुरुष परक्या स्त्रीचे गाणे ऐकत नाहीत. तसे असेल तर फक्त बायकांसाठी कार्यक्रम ठेवता येतो, किंवा पुरुषांनी गावे. तारीखही पाहा. पेसाहनंतरच्या ओमेरच्या दिवसांत आणि तिशा बाआवच्या आधीच्या तीन आठवड्यांत पुष्कळ लोक वाद्यसंगीत ऐकत नाहीत.

गाणी कशी निवडावी

वीस मिनिटांना चार गाणी पुरेत.

पहिले गाणे लहान आणि ठेक्याचे असावे, ध्रुवपद सोपे असावे. मेंदीचे गाणे चांगले चालते, कारण मोरोक्कोच्या आणि येमेनच्या लोकांतही मेंदी आहे. दुसरे गाणे त्यांच्या ओळखीचे घ्या. रशियाहून आलेल्या आजीआजोबांना राज कपूरच्या 'आवारा'ची गाणी माहीत असतात. हा सिनेमा १९५१ चा, आणि सोव्हिएत देशात तो फार गाजला होता. पण असे गाणे एकच घ्यावे. चारही हिंदी सिनेमाची घेतली तर टाळ्या मिळतील, पण आपण कोण ते कोणाला कळणार नाही.

तिसरे गाणे आपल्या कीर्तनातले असू द्या. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएल तरुणांनी हिंदू कीर्तनकारांची पद्धत पाहून आपली कीर्तने सुरू केली. चाल साकीची, दिंडीची. कथा मात्र अब्राहामाची, योसेफाची, मोशेची. म्हणजे भाषा नवी आणि कथा ओळखीची. आमचा नियम आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होता म्हणायचा!

शेवटी एलियाहू हन्नाबीचे गाणे घ्या. ते नाव उच्चारताच सगळे मान हलवतात. मात्र मलिद्याचे ताट नुसते शोभेला ठेवून ब्राखा म्हणू नये. ब्राखा म्हटली तर ते खायचेच असते, नाहीतर देवाचे नाव व्यर्थ घेतल्यासारखे होते.

प्रत्येक गाण्याआधी हिब्रूत दोनच वाक्ये बोला : हे कशाविषयी आहे, आणि आमच्या घरी ते कधी गातात.

काय नेसावे

भाड्याच्या दुकानात चमकीची नऊवारी, नथ, टिकली असा 'मराठी' संच मिळतो. तो लावणीचा वेश आहे. तो घेण्याआधी घरातला जुना फोटो काढा. आजीने लुगडे कसे नेसले आहे? पदर कुठे आहे? गळ्यात काय आहे? कपाळावर कुंकू आहे का? फोटोत जे आहे ते घाला, जे नाही ते घालू नका.

बाकीचे व्यवहाराचे. धार्मिक श्रोते असतील तर बाही कोपरापर्यंत हवी. नऊवारी नेसून आदल्या दिवशी पायऱ्या चढून पाहा. माईक हातात धरणारीने काचेच्या बांगड्या कमी घालाव्या, नाहीतर गाण्याआधी किणकिण ऐकू येते. मुलांना साधा पांढरा झब्बा आणि किप्पा शोभतो.

एक जुनी गोष्ट

कधी कधी आजोबा म्हणतात, "साडी नको, लोक काय म्हणतील?" त्यांच्यावर रागावू नका. १९६० नंतरच्या वर्षांत इथे बेने इस्राएलांच्या लग्नांवर रब्बींनी अटी घातल्या होत्या, आपले यहुदीपण तपासले जात होते. त्यासाठी आपल्या लोकांना जेरुसलेममध्ये आंदोलन करावे लागले. १९६४ साली सरकारने आपण सर्व बाबतींत यहुदी आहोत असे जाहीर केले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना वेगळे दिसण्याची धास्ती वाटते. म्हणून कपडे ठरवताना त्यांना शेजारी बसवा. आजीचे लुगडे नेसून मोशेची कथा गाणारी नात पाहिली, की ती धास्ती थोडी तरी कमी होते.

शब्द
आख्यान : कीर्तनातली मुख्य कथा
साकी, दिंडी : कीर्तनातले पद्यप्रकार
ध्रुवपद : गाण्यात परत परत येणारी ओळ
लुगडे : नऊवारी साडी
पेटी : हार्मोनियम

प्रश्न
१. वृद्धाश्रमातले गाणे का रंगले नाही?
२. कीर्तनात श्रोत्याच्या ओळखीचे काय आणि नवे काय?
३. घरी एका वडीलधाऱ्या माणसाकडून एक मराठी गाणे लिहून आणा. त्याची ओळख हिब्रूत दोन वाक्यांत वर्गात सांगा.