कानाच्या मशीनचा रिसीव्हर: विकण्याआधी पाच प्रश्न विचारा



चष्म्याचं दुकान, मेडिकल किंवा मोबाईल रिपेअरिंग चालवता चालवता त्याच जागेत श्रवणयंत्रांची, म्हणजे आपल्या भाषेत कानाच्या मशीनची सर्व्हिस सुरू करायचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी आजचा धडा.

आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वात मोठा, १४ तालुक्यांचा. अकोले तालुक्यातल्या माणसाला नगरला यायचं तर एसटीने शंभर किलोमीटरच्या वर प्रवास. मशीन पुण्याहून घेतलेलं असतं आणि बंद पडलं की कपाटात जाऊन पडतं, कारण एवढ्यासाठी पुण्याला कोण जाणार? तुमच्या व्यवसायाला जागा आहे ती इथेच. पण पार्ट नीट निवडता आला तरच.

समजा, पाथर्डीहून एक मुलगा वडिलांना घेऊन आला. म्हणाला, "दादा, उजव्या कानाचा रिसीव्हर गेलाय, नवीन टाका." गिऱ्हाईक पार्टचं नाव घेऊन आलंय, खिशात पैसे आहेत. नवखा दुकानदार लगेच ऑर्डर लिहून घेतो. तुम्ही मात्र आधी पाच प्रश्न विचारायचे.

प्रश्न १: मशीन कोणत्या प्रकारचं?

रिसीव्हर म्हणजे मशीनचा छोटा स्पीकर. तो कुठे असतो हे मशीनच्या प्रकारावर ठरतं. खिशात ठेवायच्या जुन्या मशीनला दोरी असते आणि तिच्या टोकाला बटणासारखा रिसीव्हर. त्यात बहुतेक वेळा आधी दोरी तुटते, म्हणून आधी दोरी बदलून बघा. कानामागच्या साध्या मशीनमध्ये रिसीव्हर आतच असतो आणि आवाज प्लॅस्टिकच्या नळीतून येतो. तिथे कडक झालेली किंवा पाणी साचलेली नळी हाच दोष असू शकतो. तिसरा प्रकार आरआयसी. त्यात कानामागे छोटं मशीन, पुढे बारीक वायर आणि कानाच्या आत जाणारा रिसीव्हर. दुकानात सहज बदलता येतो तो हा. पुढचं सगळं या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

प्रश्न २: रिसीव्हर खरंच गेलाय का?

आधी सेल बदला. झिंक-एअर सेलच्या पाकिटावर रंग असतो: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. चार्जिंगचं मशीन असेल तर पूर्ण चार्ज करा. मग रिसीव्हरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी, म्हणजे वॅक्स गार्ड बघा. ती मळाने बुजली की मशीन मेल्यासारखं वाटतं. जाळी बदला, डोम पुसा किंवा बदला, आणि लिसनिंग स्टेथोस्कोप लावून स्वतः ऐका. ऐकताना वायर हळूच हलवा. आवाज तुटत असेल तर दोष वायरमध्ये आहे. तसं असेल तर रिसीव्हर वायरसकटच बदलावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला स्टेथोस्कोपमध्ये आवाज स्वच्छ येतोय, पण वडिलांना त्या कानाने ऐकू येत नाही, आणि हे कालपरवा अचानक झालंय. अशा वेळी मशीन ठीक आहे, कान बिघडलाय. अचानक आलेला बहिरेपणा ही तातडीची गोष्ट आहे आणि त्यात उपचाराचे पहिले काही दिवसच मोलाचे असतात. एक रुपयाही न घेता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवा. कान वाहतोय, दुखतोय किंवा चक्कर येतेय, तरी हेच करा. अशा माणसाला पार्ट विकून आठवडाभर थांबवलं, तर त्याचं नुकसान कुठल्याही वॉरंटीत भरून येत नाही.

प्रश्न ३: कोणती बाजू, कोणती लांबी?

लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. ही खूण सगळ्या कंपन्यांत सारखी असते. लांबी आकड्यात लिहिलेली असते आणि लहान आकडा म्हणजे लहान वायर. पण एका कंपनीचा २ नंबर दुसऱ्या कंपनीच्या २ नंबरशी जुळेलच असं नाही. जुन्या वायरवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. भिंग घेऊन वाचा आणि लिहून ठेवा. वायर कानाला लागून सपाट बसली पाहिजे. लांब झाली तर बाहेर फुगते, आखूड झाली तर रिसीव्हर कानातून बाहेर ओढला जातो.

प्रश्न ४: ताकद किती?

इथे सगळ्यात महागडी चूक होते. फोनाकमध्ये ताकद एस, एम, पी, यूपी अशी लिहिलेली असते. ओटिकॉनमध्ये ६०, ८५, १००, १०५ असे आकडे असतात. गिऱ्हाईक म्हणतं, "जरा मोठ्या आवाजाचा द्या." द्यायचा नाही! मशीनचं प्रोग्रामिंग त्या माणसाच्या ऑडिओग्रामवर आणि ठरलेल्या रिसीव्हरवर बेतलेलं असतं. ताकद बदलली की आवाज विचित्र येतो, शिट्टी वाजते आणि गरजेपेक्षा मोठा आवाज उरलेली श्रवणशक्तीही खराब करू शकतो. जेवढी होती तेवढ्याच ताकदीचा रिसीव्हर द्या. खरंच कमी ऐकू येत असेल तर ऑडिओलॉजिस्टकडे नवी तपासणी आणि नवं प्रोग्रामिंग, हाच रस्ता.

प्रश्न ५: त्याच मॉडेलला बसतो का?

एकाच कंपनीतही पिढी बदलली की जोड बदलतो. मॉडेलचं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर घ्या, वॉरंटी शिल्लक आहे का ते विचारा. वॉरंटीत असेल तर कंपनीकडेच पाठवा. सरकारी एडीआयपी योजनेतून मिळालेलं मशीन असेल तर आधी तिथे चौकशी करायला सांगा. आणि काढताना जोर लावू नका. काही मॉडेलना बारीक पिन किंवा स्क्रू असतो, ओढाओढीत पार्टऐवजी मशीनच तुटायचं.

आता गणित

बाजू २, लांबी समजा ५, ताकद ४. म्हणजे २ × ५ × ४ = ४० प्रकार, आणि तेही एका कंपनीच्या एका पिढीचे. उदाहरणासाठी एक नग ४,००० रुपयांचा धरला तर १,६०,००० रुपये डबीत अडकले! म्हणून रिसीव्हरचा स्टॉक करू नका. वॅक्स गार्ड, डोम, सेल, नळ्या आणि सफाईची साधनं भरपूर ठेवा. रिसीव्हर मात्र पाचही उत्तरं हातात आल्यावर, ॲडव्हान्स घेऊन मागवा.

गिऱ्हाईकाचा फेरा वाचवायची एक साधी युक्ती आहे. निघण्याआधी व्हॉट्सॲपवर चार फोटो मागवा: मशीनचा, सिरियल नंबरचा, वायरवरच्या अक्षरांचा आणि रिसीव्हरच्या जाळीचा. अर्ध्या वेळा "आधी जाळी बदलून बघा" एवढं फोनवर सांगूनच काम होईल. त्या दिवशी विक्री लहान होईल, पण ते घर दुसरीकडे जाणार नाही.

आपली हद्द ओळखा

श्रवण तपासणी आणि प्रोग्रामिंग हे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टचं काम. एखाद्याशी ठरवून महिन्यातले दोन दिवस तुमच्या दुकानात बसवा. श्रवणयंत्र हे वैद्यकीय उपकरण आहे, म्हणून विक्री सुरू करण्याआधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात एमडी-४२ नोंदणीबद्दल विचारा. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, पण म्हणून सुट्या पार्टवरही नसेल असं गृहीत धरू नका. सीएला विचारा.

आता पाथर्डीच्या त्या वडिलांकडे परत या. जाळी बुजली असेल तर दहा मिनिटांत ते ऐकत घरी जातील. रिसीव्हर गेला असेल तर बरोबर नग येईल आणि पहिल्याच फेरीत बसेल. कान बिघडला असेल तर ते वेळेत डॉक्टरकडे पोहोचतील. तिन्ही वेळा तुम्ही तेच पाच प्रश्न विचारलेत.

या आठवड्याचा गृहपाठ: पाच प्रश्नांचं एक पानी जॉब कार्ड बनवा. घरात, शेजारी किंवा गावात ज्यांच्याकडे बंद पडलेलं मशीन आहे, अशा तीन जणांचं कार्ड भरा. किती जणांना खरंच नवा रिसीव्हर लागतो ते मोजा. तुमच्या गावात हा धंदा कसा चालेल, याचा पहिला अंदाज तिथेच येईल.

भेटूया पुढच्या धड्यात!