जुनी विंडोज लॅपटॉपवर बसत नाही?
दुरुस्तीचा धंदा करणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

कॉम्प्युटर दुरुस्तीचा व्यवसाय आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. नाशिकहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावातही झेरॉक्स, डीटीपी, ऑनलाईन फॉर्म आणि लॅपटॉप दुरुस्ती असे एकत्र दुकान चालविता येते. थोड्या भांडवलात सुरू होणारा आणि हाताच्या कौशल्यावर चालणारा हा धंदा आपल्या तरुणांना मानवण्यासारखा आहे. मात्र यात एक काम असे आहे की ज्यात वेळ, पैसा आणि गिऱ्हाईक तिन्ही गमावण्याचा संभव असतो. ते म्हणजे लॅपटॉपवर जुनी विंडोज बसविणे. या कामात कोठे अडते, का अडते आणि त्यावर उपाय काय, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

गिऱ्हाईक जुनी विंडोज का मागतो?

हा पहिला प्रश्न विचारल्याशिवाय पेनड्राईव्ह लावू नये. जुन्याची मागणी बहुधा तीन कारणांनी होते.

पहिले कारण म्हणजे हिशेबाचा जुना प्रोग्राम. द्राक्षाचा व्यापारी, अडत्या किंवा खते-औषधांचा दुकानदार यांच्याकडे डॉसवर चालणारा, फॉक्सप्रोमध्ये लिहून घेतलेला प्रोग्राम असू शकतो. ६४ बिट विंडोजवर असे डॉसचे व १६ बिटचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. ३२ बिट विंडोजवर चालू शकतात. विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालेलीच नाही.

दुसरे कारण डीटीपीचे. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम आणि त्यांच्या जोडीला पेजमेकर, यांवर मराठी छपाईची अनेक वर्षे गेली. निकाहपत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले अशी जुनी कामे त्याच फॉन्टमध्ये पडून आहेत. जुन्या सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक असेल तर त्याचा ३२ बिट ड्रायव्हर ६४ बिट विंडोज स्वीकारत नाही. लॉक प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टचे असेल तर आधी लॅपटॉपला तसे पोर्ट आहे का ते पाहावे. बाजारातील यूएसबी-पॅरलल वायर प्रिंटरसाठी असते. तिच्यावर लॉक चालेल असे धरून चालू नये.

तिसरे कारण केवळ सवयीचे. "मला विंडोज ७ बरी वाटते," असे गिऱ्हाईक म्हणतो. अशा वेळी त्याला समजावून सांगणे हेच खरे काम आहे. जुनी विंडोज बसवून मजुरी मिळेल, पण महिन्याभरात तो तक्रार घेऊन परत येईल.

पहिल्या दोन कारणांतही लॅपटॉपवरची चालू विंडोज काढणे दरवेळी आवश्यक नसते. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरने नव्या विंडोजच्या आतच जुनी विंडोज चालविता येते व यूएसबीचे लॉक तिला जोडूनही देता येते. डॉसच्या प्रोग्रामसाठी डॉसबॉक्स आहे. पण ते मुख्यतः खेळांसाठी बनलेले असल्याने हिशेबाच्या डेटाची वेगळी प्रत घेऊन आधी चाचणी करावी. हा मार्ग जमला तर पुढची सारी खटपट वाचते.

लॅपटॉपचे वय ओळखा

इंटेल प्रोसेसरच्या नावात त्याची पिढी लिहिलेली असते. आय५-३३२०एम म्हणजे तिसरी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी. पाचव्या पिढीपर्यंत विंडोज ७ सहसा सुरळीत बसते. सहाव्या पिढीत यूएसबीचा अडथळा येतो, तो दूर करता येतो. सातव्या पिढीपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ला आधार दिला नाही व २०१७ पासून अशा यंत्रांवर तिचे अपडेटही रोखले. पडद्याचा ड्रायव्हरही मिळत नाही, म्हणून तेथे नकार देणे योग्य. एक्सपी तर तिसऱ्या पिढीच्या पुढे बसविण्याचा आग्रह धरू नये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा अन्य ठिकाणाहून जुना लॅपटॉप विकत आणायचा असेल तर हा नंबर तेथेच तपासून घ्यावा.

आधी अमानत, मग इन्स्टॉलेशन

गिऱ्हाईकाचा लॅपटॉप म्हणजे केवळ यंत्र नव्हे. त्यात त्याचा हिशेब, बँकेचे कागद आणि घरातील माणसांची छायाचित्रे असतात. ही अमानत आहे. डेटा उतरवून घेताना फोल्डर जसेच्या तसे कॉपी करावेत, छायाचित्रे उघडून पाहू नयेत, आणि काम झाल्यावर आपल्याकडील प्रत गिऱ्हाईकासमोर पुसून टाकावी. प्रत नीट उतरली का, हे दुसऱ्या कॉम्प्युटरवर दोन-चार हिशेबाच्या फाईल त्याच्यासमोर उघडून तपासावे. डीटीपीवाल्याच्या फाईलबरोबर फॉन्टचे फोल्डरही घ्यावे, नाहीतर मजकूर वाचता येणार नाही.

सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे मूळ डिस्क काढून पाकिटात घालावी, वर गिऱ्हाईकाचे नाव लिहून त्याला परत द्यावी, आणि जुनी विंडोज वेगळ्या लहान साटा एसएसडीवर बसवावी. थोडा खर्च वाढतो, पण काही बिघडले तरी मूळ डिस्क शाबूत राहते.

विंडोज १० किंवा ११ असलेल्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. बायोसमध्ये सिक्युअर बूट बदलले की ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. ही की बहुधा गिऱ्हाईकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती हाती आल्याशिवाय बायोसला हात लावू नये.

अडते कोठे? दोष आणि उपाय

बायोसमधील मूळ सेटिंगचे मोबाईलवर फोटो घ्यावेत आणि एका वेळी एकच बदल करावा. चार बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने काम झाले हे कळत नाही.

१) पेनड्राईव्हवरून लॅपटॉप सुरूच होत नाही. बहुधा सिक्युअर बूट चालू असते. ते बंद करून लेगसी किंवा सीएसएम चालू करावे. बायोस उघडण्यासाठी डेल व एसरमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१० आणि लेनोव्होमध्ये मॉडेलप्रमाणे एफ१ किंवा एफ२ दाबतात. ३२ बिट विंडोज ७ नव्या यूईएफआय पद्धतीने सुरू होतच नाही, तिला लेगसी लागतेच. ज्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये लेगसी व सीएसएम दोन्ही नाहीत, तेथे वेळ घालवू नये.

२) "सीडी/डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही" असा संदेश येतो. या संदेशाने नवखा माणूस हमखास फसतो, कारण लॅपटॉपला सीडी ड्राईव्ह नसला तरी तो येतो. खरे कारण असे की विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नाही, त्यामुळे सेटअप सुरू झाल्यावर त्याला आपलाच पेनड्राईव्ह दिसेनासा होतो. पेनड्राईव्ह निळ्या पोर्टातून काढून काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या पोर्टात लावावा. तसे पोर्ट नसेल तर यूएसबी ३.० चे ड्रायव्हर सेटअपमध्ये घालावे लागतात. ते घालताना दोन फाईल लक्षात ठेवाव्यात : बूट.विम ही सेटअप चालविते आणि इन्स्टॉल.विम ही डिस्कवर उतरते. ड्रायव्हर फक्त पहिल्या फाईलमध्ये घातला तर सेटअप पार पडते, पण पुढे रिस्टार्टनंतर माऊस पुन्हा मरतो. म्हणून दोन्हींत घालावा.

३) डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये डिस्क रेड पद्धतीवर असेल तर एएचसीआय करावी. डिस्क एनव्हीएमई प्रकारची असेल तर तिचा ड्रायव्हर मूळ विंडोज ७ मध्ये नव्हता, नंतर वेगळा देण्यात आला. तोही सेटअपमध्ये घालावा लागतो. एक्सपीची गोष्ट उलट आहे. तिला एएचसीआय ओळखता येत नाही आणि निळा पडदा येऊन कोडच्या शेवटी "७बी" दिसते. अशा वेळी बायोसमध्ये साटा पद्धत आयडीई किंवा कम्पॅटिबल करावी.

४) "ही डिस्क जीपीटी पद्धतीची आहे" असे सांगून सेटअप थांबते. लेगसी पद्धतीने सुरू केलेल्या विंडोज ७ ला एमबीआर पद्धतीची डिस्क लागते. शिफ्ट व एफ१० दाबून डिस्कपार्ट उघडता येते. तेथील 'क्लीन' ही आज्ञा क्षणात संपूर्ण डिस्कचे विभाग पुसून टाकते, कंपनीने दिलेला रिकव्हरीचा भागही जातो. यादीत आपला पेनड्राईव्ह व दुसरी डिस्कही दिसते, म्हणून जीबीचा आकडा दोनदा वाचून मगच डिस्क निवडावी. डेटाची प्रत तपासलेली नसेल तर ही आज्ञा देऊच नये.

५) "स्टार्टिंग विंडोज" येथे पडदा गोठतो. ६४ बिट विंडोज ७ यूईएफआयने सुरू केली असेल आणि सीएसएम बंद असेल तर असे होते. सीएसएम चालू करावे. तरीही गोठत असेल तर रॅम एक-एक काढून तपासावी आणि पेनड्राईव्ह पुन्हा नव्याने बनवावा.

६) विंडोज बसली, पण वाय-फाय, आवाज, पडदा नीट नाही. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्याच साईटवरून मॉडेल पाहून घ्यावेत. आधी चिपसेट, मग नेटवर्क, मग डिस्प्ले व आवाज असा क्रम ठेवावा. ड्रायव्हर योग्य असूनही "सही पटत नाही" अशा अर्थाचा दोष येत असेल तर २०१९ मधील केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ हे दोन अपडेट आधी टाकावेत. नव्या पद्धतीची डिजिटल सही विंडोज ७ त्यानंतरच ओळखते.

परवान्याचा प्रश्न

लॅपटॉपखाली चिकटवलेल्या स्टिकरवरील प्रॉडक्ट की त्या यंत्रापुरतीच असते. कंपनीकडून विंडोज १० प्रो घालून आलेल्या लॅपटॉपला विंडोज ७ प्रोफेशनल वापरण्याचा हक्क परवान्यात दिलेला होता, पण तो विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार असेपर्यंतच होता. होम आवृत्तीला तो नव्हता. परवाना नसेल तर "सगळेच करतात" म्हणून क्रॅक टाकून देणे हा चोरीचा माल विकण्याचाच प्रकार होय. कॉपीराईट कायद्याच्या कलम ६३बी प्रमाणे चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय क्रॅकबरोबर व्हायरस आला तर गिऱ्हाईकाचा हिशेब जातो आणि आपले नाव जाते. ज्याला फक्त नेट व टायपिंग हवे आहे त्याला लिनक्स मिंट किंवा उबुंटू दाखवावे. ते मोफत आहे आणि मजुरी घेण्यास कोणतीही आडकाठी नाही.

गिऱ्हाईकाला काय सांगावे?

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले निघाले. ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारले. आपल्या धंद्यातील ओला माल म्हणजे जुन्या विंडोजची उणीव. ती बिलाच्या वरच्या बाजूस लिहावी.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यानंतर सर्वसाधारण वापरकर्त्याला सुरक्षेचे नियमित अपडेट मिळालेले नाहीत. विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. क्रोम ब्राऊझरने २०२३ च्या सुरुवातीपासून विंडोज ७ सोडली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसने जगभर डेटा ओलीस धरला, तेव्हा सर्वाधिक फटका विंडोज ७ च्या, आणि तोही अपडेट न केलेल्या कॉम्प्युटरना बसला होता. म्हणून बिलावर स्पष्ट लिहावे : "जुन्या प्रोग्रामसाठी विंडोज ७ बसविली आहे. नेट, बँक व जीएसटीची कामे यावर करू नयेत." वाय-फाय बंद करूनच लॅपटॉप हाती द्यावा. नेटची कामे दुसऱ्या यंत्रावर करावीत व पेनड्राईव्ह तपासूनच इकडे लावावा.

मजुरी आधी ठरवावी. तपासणीचे पैसे वेगळे आणि इन्स्टॉलेशनचे वेगळे ठेवावेत. लॅपटॉप या कामाचा नाही असे आढळले तर फक्त तपासणीचे पैसे घेऊन स्पष्ट सांगावे. दोन दिवस अडवून ठेवून शेवटी नकार देण्यापेक्षा पंधरा मिनिटांत दिलेला नकार गिऱ्हाईकाला अधिक पटतो.

जुनी विंडोज हा कायमचा इलाज नाही हेही त्याला सांगावे. डीटीपीवाल्याने नेहमीची कामे पीडीएफ करून ठेवावीत आणि जुना मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये आणावा. व्यापाऱ्याने नवे आर्थिक वर्ष सुरू होताना हिशेब नव्या प्रोग्रामवर घ्यावा आणि जुना लॅपटॉप फक्त मागील नोंदी पाहण्यासाठी ठेवावा. हे बदल करून देण्याचे काम पुन्हा आपल्याच दुकानाकडे येते, आणि त्याची मजुरी इन्स्टॉलेशनपेक्षा चांगली मिळते.

आपल्या तरुणांनी हा क्रम वहीत उतरवून दुकानात ठेवावा. अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो.