राखणीच्या कुत्र्याचे शिक्षण

औंढा नागनाथ भागात तूर, हरभरा व हळदीच्या शेतांवर रात्रीची राखण करावी लागते, म्हणून आखाड्यावर कुत्रा असतोच. परंतु पिलू आणून दाव्यास बांधले की काम झाले, असा पुष्कळांचा समज दिसतो.

पिलू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. कुत्र्याचा स्वभाव मुख्यतः तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत घडतो. म्हणजे घरी आणल्यावर हाती जेमतेम महिना उरतो. तेवढ्यात गुरे, शेळ्या, कोंबड्या, लहान मुले व सालगडी यांची त्यास ओळख करून द्यावी.

पहिला शब्द ‘ये’ हा असावा. पिलू भुकेले असता हाक मारावी व ते जवळ येताच, त्याच क्षणी, भाकरीचा तुकडा द्यावा. विलंब झाल्यास तुकडा कशाबद्दल मिळाला हे त्यास कळत नाही. पाच मिनिटांचा पाठ दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा. (‘हाड’ हा शब्द तर दिवसभर इतका कानी पडतो की, त्यास अर्थच उरत नाही.)

हाकेस येणाऱ्या कुत्र्यास कधीही मारू नये. प्रस्तुत लेखकाने ही चूक केली आहे. रात्री भटकून आलेल्या स्वतःच्या कुत्र्यास जवळ बोलावून त्याने काठीने मारले. तेव्हापासून तो हाक ऐकून दूरच उभा राही. पुढे एका रात्री रानडुकरामागे धावला. अनेक हाका मारल्या, पण परतला नाही. सकाळी बांधावर पोट फाटलेल्या स्थितीत सापडला.

म्हणून ‘छो’ म्हणून कुत्रा जनावरावर सोडू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये तसे करणे शिकार ठरू शकते. कुत्र्याने भुंकून सूचना द्यावी. पुढचे काम माणसाचे.

कार्यकर्त्यांनी गावातील पिलांची नोंद ठेवून तिसऱ्या महिन्यात त्यांस पशुवैद्यकीय दवाखान्यात पिसाळरोगाची लस टोचवून घ्यावी. नंतर वर्धक मात्रा व पुढे दरवर्षी एक मात्रा आवश्यक आहे. कुत्रा चावल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तीवर चुना, तिखट किंवा, आपला मुलूख हळदीचा असला तरी, हळद लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी व पुढील मात्रा ठरल्या तारखांस पूर्ण कराव्यात.